शेंदरातले तेल

एका लहानशा संस्थानात एकदा एक तेली राहत होता. नाव रायाजी. त्याच्या घाण्याच्या तेलात कधी भेसळ सापडली नाही, त्यामुळे त्याच्या बोलण्यातही भेसळ नसणार असे लोकांनी परस्पर ठरवून टाकले होते. हे संस्थान कोणते, असे मला ही गोष्ट सांगताना हमखास विचारले जाते. मी शेजारच्या मुलखाचे नाव घेईन अशी विचारणाऱ्याला आशा असते. मी कोणाचेच नाव घेत नाही.

या संस्थानात जुना कारभारी होता तेव्हा दिवसाढवळ्या लूट चाले. कचेरीत पाऊल टाकायचे तर काखेत कोंबडी नाहीतर हातात तुपाचा गडू हवाच. रिकाम्या हाताच्या माणसाचे गाऱ्हाणे दारावरचा शिपाईसुद्धा ऐकून घेत नसे. लोक विटले, ओरड राजापर्यंत गेली आणि अखेर कारभारी बदलायचे ठरले. राजाने गावोगावच्या पंचांचे मत मागवले. तेव्हा एका साध्या राहणीच्या, मृदुभाषी गृहस्थाचे नाव पुढे आले. रायाजीने त्याचे बोलणे एकदा ऐकले आणि तो त्याचाच झाला.

आठवडी बाजारांत रायाजी तेलाचे बुधले घेऊन जाई. तेल ओतता ओतता गिऱ्हाइकाला सांगे, "या माणसाच्या कारभारात गरिबाला रिकाम्या हातानं कचेरीत जाता येईल. माझ्या तेलावर विश्वास आहे ना? मग याच्यावर ठेवा." लोकांनी ठेवला. तो गृहस्थ कारभारी झाला त्या दिवशी रायाजीने गावभर गूळ वाटला आणि आनंदाने त्याला रडू आले. हे रडू अगदी खरे होते, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे त्याची थट्टा करावीशी वाटेल आणि ती करताना हे विसरता कामा नये.

निष्ठावंत माणसाला उत्तरे फार लवकर सुचतात. पहिल्याच वर्षी कोणीतरी म्हणाले, जकात नाक्यावर पुन्हा हात पसरू लागलेत. रायाजी म्हणाला, "नाक्यावरची माणसं जुन्याची आहेत. नव्याला जरा वेळ द्या." पुढे सरकारी कोठारातले धान्य कमी भरले, तेव्हा ती जुन्या कारभाऱ्याच्या माणसांनी उठवलेली आवई ठरली. मग कचेरीत पुन्हा कोंबड्या दिसू लागल्या. तेव्हा रायाजीने विचारले, "जुना बोकड खात होता तेव्हा तुम्ही कुठं होता?" हे उत्तर त्याला विशेष आवडले होते, कारण ते ऐकल्यावर समोरचा गप्प होई. समोरचा पटले म्हणून गप्प झाला की कंटाळून, हे तपासायची गरज त्याला वाटली नाही.

मग गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यावर, सरकारी बंधारा मंजूर झाला. गावाला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्या गावाची जुनी रीत अशी की सार्वजनिक बांधकामाला घरटी एक घडीव दगड द्यायचा आणि त्यावर आपल्या घराची खूण कोरायची. लोहाराने ऐरण कोरली, माळ्याने मोट. बंधाऱ्याखालच्या वस्तीत राहणाऱ्या येसूकाकी या विधवा बाईने दुसऱ्याची दळणे दळून पाथरवटाची मजुरी दिली आणि दगडावर जाते कोरून घेतले. रायाजीच्या दगडावर अर्थातच घाणा होता. कारभाऱ्याचे कारकून आले आणि म्हणाले, दगड राजधानीत नेऊन एका मापाचे करून आणतो. गाड्या भरून दगड गेले. महिन्यांनी झाकलेल्या गाड्या परत आल्या, परगावचे गवंडी आले, कामाभोवती तट्ट्यांचा उंच कूड घातला गेला. शेवटी कूड निघाला तेव्हा बंधारा उभा होता. वरपासून खालपर्यंत चुन्याचा गुळगुळीत गिलावा केलेला, उन्हात डोळे दिपावेत असा पांढरा.

येसूकाकीने रायाजीला विचारले होते, "रायाजी, आमचं जातं कुठं बसवलंय रं? दिसत न्हाई कुठं."

"आत आहे काकी. गिलाव्याच्या आत. सरकारी काम आहे, आपण मधे बोलू नये."

"तू म्हंतोस म्हंजे असंल," म्हणून येसूकाकी घरी गेली होती.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कारभारी स्वतः येऊन बंधाऱ्याची मोरी बंद करणार आणि पाणी अडवणार असे ठरले. त्याच्या आदल्या आठवड्यात कारभाऱ्याच्या नव्या हवेलीची वास्तुशांत होती. दिव्यांसाठी तेल रायाजीचे. तो बुधले घेऊन राजधानीत गेला. मागच्या दाराने आत शिरताना पायरीवर त्याचा पाय पडला आणि पायाखाली काहीतरी खडबडीत लागले, म्हणून त्याने खाली पाहिले. पायरीच्या दगडावर घाणा कोरलेला होता.

तो बुधला खाली ठेवून वाकला आणि त्या खुणेवरून त्याने बोट फिरवले. मग विहिरीकडे गेला. कठड्यात ऐरण होती. मोट होती. जाते होते, उलटे बसवलेले.

कारभारी त्याला पाहून प्रेमाने पुढे आला. रायाजीने फक्त दगडाकडे बोट दाखवले. कारभाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "रायाजी, तुम्ही तर घरचेच. एवढा गाडा ओढायचा म्हणजे थोडं इकडचं तिकडे होतंच. बंधारा उभा राहिला ना? पुढच्या आठवड्यात बंधाऱ्यावर स्वागताचं भाषण तुम्हीच करायचं बरं का. तुमच्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नाही." आणि त्याने रायाजीच्या हातावर वास्तुशांतीचा पेढा ठेवला.

खालची माणसे वाईट असतात, वरचा चांगला असतो, हे रायाजीचे सर्वांत भक्कम उत्तर होते. ते त्या पायरीपाशी संपले. परतीच्या वाटेवर त्याने पेढा बैलाला चारला.

गावाबाहेर, भैरोबाच्या देवळाजवळ एक वृद्ध आचार्य राहत असत. रायाजी लहानपणी त्यांच्याकडेच अक्षरे शिकला होता. पौर्णिमेच्या सकाळी तो त्यांच्यापुढे जाऊन बसला आणि सगळे सांगून मोकळा झाला.

"आचार्य, माझी लाज वाटते मला. बाजारातलं एकेक तोंड आठवतं. आता माझा कशावर विश्वास राहिला नाही. सगळे एकाच माळेचे मणी. उद्या मी आजारी पडतो. भाषण दुसरं कोणी करील. आणि नंतर घाणा भावाच्या हाती देऊन कुठंतरी तीर्थाला निघून जातो."

आचार्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "आज पौर्णिमा. देवाच्या शेंदराचं तेल आणलंस का?"

रायाजीला वाईट वाटले. इतके सांगितले आणि यांना तेलाची पडली आहे. पण तेल त्याने आणले होते. त्याच्या घराण्यातून दर पौर्णिमेला भैरोबाच्या शेंदरासाठी तेल जाई, आणि मन कितीही मोडले तरी हात सवयीने बुधली उचलतातच.

"चल तर," म्हणून आचार्य उठले. कोपऱ्यातले खुरपे त्यांनी उचलून घेतले.

भैरोबाची मूर्ती रायाजीने जन्मापासून पाहिलेली. मूर्ती म्हणायची ती भक्तीने. दिसायचा तो एक मोठा, गोल, तुकतुकीत शेंदरी गोळा, त्यावर चिकटवलेले चांदीचे दोन डोळे. गुरव दाराशी हात जोडून उभा होता. आचार्यांनी देवाला नमस्कार केला, तेलाची धार त्या शेंदरी गोळ्याच्या कडेने सोडली, थोडा वेळ थांबले, आणि खुरपे लावून शेंदूर खरवडायला सुरुवात केली.

रायाजीने धावत येऊन त्यांचा हात धरला. "आचार्य, हे काय करताय? देव आहे तो."

"देव आहे म्हणूनच. शेंदूर काढायचा का म्हणून गुरवानं सकाळी कौल लावला होता, देवानं उजवा दिलाय. माझ्या मनगटात आता जोर नाही. घे, तू कर." आणि त्यांनी खुरपे त्याच्या हातात दिले.

गुरवाने मान हलवली. "माज्या आज्यानं येकदा काढला व्हता म्हंत्यात. त्यानंतर कुनी हात लावला न्हाई. करा तुमी."

रायाजी घाबरत घाबरत खरवडू लागला. शेंदराचे पापुद्रे सुटू लागले. वरचे ताजे, भगवे. आतले जुने, काळपट. एक थर निघाला की खाली दुसरा. चांदीचे डोळे निघून हातात आले. आतून कुबट वास आला. छताची गळती कधीतरी शेंदराच्या मागे शिरली होती आणि तिथे ओल धरून मुंग्यांनी घर केले होते. मुंग्यांची रांग देवाच्या खांद्यावरून निघाली तेव्हा रायाजीचे हात थांबले. आचार्य म्हणाले, "थांबू नकोस." दुपार झाली. त्याचे हात कोपरापर्यंत शेंदराने माखले होते. शेवटचा मोठा पापुद्रा गळून पडला आणि खालून काळ्या दगडातला एक चेहरा बाहेर आला.

चेहरा सुरेख होता. कपाळावर रेषा, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे उघडे, टक्क उघडे. गंमत म्हणजे ते दर्शनाला येणाऱ्या भक्ताकडे पाहतच नव्हते. मान किंचित वळलेली होती आणि नजर देवळाच्या दारातून थेट ओढ्याकडे, खालच्या वस्तीकडे होती. ज्याने ही मूर्ती घडवली त्याने वस्ती राखायला उभा केलेला देव घडवला होता. भक्तांनी पुढे त्याला आपल्याकडे बघणारे चांदीचे डोळे लावले होते.

रायाजी पायरीवर बसला. आचार्यही शेजारी बसले आणि म्हणाले,

"आता सांग, या देवाचा चेहरा कोणी बुजवला? चोरानं? चोर शेंदूर लावायला येत नाही. निंदकानं? तो देवळाची पायरीही चढत नाही. चेहरा बुजवला तो भक्तांनी, आणि तोही चोख तेलात शेंदूर कालवून. तुझ्याच तेलात. कारभाऱ्यानं दगड पळवले, ते पाप त्याचं. ते मी तुझ्या डोक्यावर ठेवणार नाही. पण नाक्यावरची तक्रार आली तेव्हा तू एक हात फिरवलास. कोठाराची आली, दुसरा फिरवलास. येसू विचारायला आली, तेव्हाही फिरवलास. विरोधक ओरडला तर राजा म्हणतो, हा ओरडणारच. तू पहिल्याच दिवशी ओरडला असतास तर कारभाऱ्याला थांबावं लागलं असतं, कारण तू त्याचा होतास. ते एकट्या तुलाच जमण्यासारखं होतं."

रायाजी मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे माझी निष्ठाच चुकली."

"बाजारात काय सांगत होतास तू लोकांना?"

"गरिबाला रिकाम्या हातानं कचेरीत जाता येईल, असं."

"ते आता खोटं वाटतं का तुला? गरिबानं कोंबडी घेऊनच जावं असं वाटू लागलंय?"

"नाही. तसं कसं वाटेल?"

"मग वर बघ. दगड शाबूत आहे. गळाला तो शेंदूर, आणि तू सकाळपासून देव गेला म्हणून रडतो आहेस. तुझी निष्ठा त्या वाक्यावर होती, ती कोणी नेलेली नाही. माणसावर लावलेली तेवढी काढून घे. आणि सगळे एकाच माळेचे मणी म्हणतोस ना, ते म्हणू नकोस. कालपर्यंत कारभाऱ्यावर थर देत होतास, हा आता स्वतःवर देतो आहेस. एकदा सगळे सारखे ठरवले की तुला काही करायला नको. उद्याचा आजारही त्यातलाच."

रायाजीने त्या काळ्या चेहऱ्याकडे पाहिले. मग त्याने देवाची नजर जिकडे होती तिकडे पाहिले. ओढ्यावर तो पांढरा बंधारा दिसत होता आणि त्याच्या बरोबर खाली येसूकाकीच्या घरातून धूर निघत होता. तो उठला. आचार्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "हे खुरपं नेतो मी."

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यापाशी मांडव पडला. ताशे वाजले. कारभारी मेण्यातून उतरला आणि लोकांना नम्रपणे हात जोडत जाऊन बसला. रायाजी बोलायला उभा राहिला तेव्हा गावाने सवयीने कान टवकारले. त्याचे भाषण म्हणजे मेजवानी.

तो म्हणाला, "गावकरी मंडळी, या बंधाऱ्याला तुम्ही दगड दिलेत आणि मी शब्द दिला. तुमचे दगड आत आहेत असं मी तुम्हाला सांगितलं. मी ते पाहिलेलं नव्हतं. न पाहता सांगितलं." एवढे बोलून तो खाली उतरला आणि बंधाऱ्याकडे चालू लागला. कंबरेचे खुरपे त्याने काढले. त्याच्या पात्याला अजून शेंदूर होता.

कारकून आडवा आला. कारभारी जागेवरूनच गोड आवाजात म्हणाला, "रायाजी, तुमची तब्येत बरी दिसत नाही."

"काल नव्हती महाराज," रायाजी म्हणाला. "आज बरी आहे."

त्याने गिलाव्याला खुरपे लावले आणि ओढले. चुन्याचा पातळ पापुद्रा सुटला. मागून माती घसरली. नुसती माती, तिच्यात कडब्याच्या काड्या. त्याने दुसरीकडे खरवडले, तिसरीकडे खरवडले. सगळीकडे तेच. ताशे कधी बंद झाले ते कोणाला कळले नाही. खालच्या वस्तीतल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण हा बंधारा भरून फुटला असता तर पाणी पहिले कोणाच्या घरात शिरणार, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

रायाजी कारभाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. "महाराज, दगड तुमच्या हवेलीत आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. ते परत द्या, आणि तोवर ही मोरी बंद होणार नाही. तुमच्या वैऱ्यानं हे सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. मी तुमच्यासाठी गूळ वाटलाय, म्हणून मला सांगायचा हक्क आहे."

कारभाऱ्याने सभेकडे पाहिले. मागच्या रांगेपर्यंत एकही मान खाली गेलेली नव्हती. तो मेण्यात बसून निघून गेला. मोरी उघडीच राहिली.

येसूकाकी पुढे आली. रायाजीने तिच्यासमोर हात जोडले. त्याला रडू आवरेना. "काकी, मी तुम्हाला फसवलं."

"व्हय," येसूकाकी म्हणाली. तिने त्याला पटकन माफ केले नाही, आणि ते योग्यच होते. "माजा त्यांच्यावर कंदीच इस्वास नव्हता. तुज्यावर व्हता. तू आत हाय म्हनालास म्हनून मी गप ऱ्हायले." मग तिने त्याच्या हातातले खुरपे घेतले, पाते पदराला पुसले आणि परत दिले. "आता राजाकडं चल. तू म्होरं ऱ्हा. तुजंच ऐकतील."

आणि तसेच झाले. पंच राजाकडे गेले तेव्हा साक्ष रायाजीची लागली, कारण तो कारभाऱ्याचा माणूस म्हणून साऱ्या मुलखाला ठाऊक होता. रायाजीच्या काही जुन्या सोबत्यांनी त्याला फितूर म्हटले. हवेलीचे गिऱ्हाईक तुटले. पण दगडांच्या गाड्या परत आल्या, पायरीसकट. कारभाऱ्याचे पुढे काय झाले ते राजाने ठरवले. नवा कारभारी आला तेव्हा रायाजी त्याला भेटायला गेला, रिकाम्या हाताने, आणि पहिल्याच भेटीत म्हणाला, "मी तुमच्या बाजूचा आहे. त्यामुळे तुमचं चुकलं तर पहिला मीच येईन."

बंधारा पुन्हा बांधला गेला तो गावाच्या देखत, कूड न घालता. गिलावा करायचा नाही असे गावाने ठरवले. आजही ऐरण, मोट आणि जाते जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसते म्हणतात.

पुढच्या पौर्णिमेला रायाजी तेलाची बुधली घेऊन देवळात आला. गुरव शेंदराची वाटी घेऊन बसला होता. रायाजीने आचार्यांकडे पाहिले.

रायाजीने गुरवाच्या वाटीत बोटभर तेल दिले, कपाळावरच्या टिळ्यापुरते. उरलेली सगळी बुधली त्याने समईत ओतली आणि वात वर केली. उजेड देवाच्या चेहऱ्यावर पडला, आणि ते उघडे डोळे खालच्या वस्तीकडे पाहत असलेले सर्वांना दिसले.